विश्लेषण : नेटबॉलमध्ये कारकीर्द घडते का? जुन्नर-आंबेगावच्या मैदानापासून २०३० च्या अहमदाबादपर्यंतचा रस्ता

२०३० ची राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धा अहमदाबादला होणार आहे. यजमानपद जाहीर करताना जे मोजके खेळ नक्की झाल्याचे सांगण्यात आले, त्यात नेटबॉलचा समावेश आहे. भारताचा महिला नेटबॉल संघ या स्पर्धेत आजवर एकदाच खेळला, २०१० मध्ये दिल्लीत. त्या संघाची कर्णधार प्राची तेहलान तेव्हा नुकतीच १७ वर्षांची झाली होती. तेच गणित पुढे नेले, तर २०१३ च्या सुमारास जन्मलेली मुलगी अहमदाबादच्या वेळी १७ वर्षांची असेल. ओतूर, नारायणगाव, मंचर, घोडेगावच्या शाळांमध्ये या वयाच्या शेकडो मुली कबड्डी, खो-खो खेळतात, धावतात. त्यांच्यापैकी एखादीने नेटबॉल धरला, तर पुढे काय होऊ शकते? हा खेळ नेमका काय आहे, आंतरराष्ट्रीय खेळाडू कशी घडते, त्यातून पोट भरते का आणि घरच्यांनी आधी काय तपासावे, याचा हा आढावा.

नेटबॉल म्हणजे बोर्ड काढलेला बास्केटबॉल का?

जन्म तिथलाच आहे, पण खेळ वेगळा आहे. जेम्स नेस्मिथ यांनी १८९१ मध्ये अमेरिकेत बास्केटबॉल सुरू केला. तो काही वर्षांतच इंग्लंडमधल्या मुलींच्या शारीरिक शिक्षण महाविद्यालयात पोहोचला. लांब झगे घालून चेंडूचे टप्पे टाकत धावणे शक्य नव्हते. त्यामुळे टप्पा गेला, पास आला. टोपलीची जागा कड्याने घेतली, मैदानाचे भाग पाडले गेले आणि १९०१ मध्ये पहिली नियमावली छापली गेली. पुढे ब्रिटिश साम्राज्याच्या वाटेने हा खेळ ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, जमैका, दक्षिण आफ्रिका, श्रीलंका अशा देशांत रुजला. १९६० मध्ये कोलंबोत जमलेल्या प्रतिनिधींनी सगळ्यांसाठी एकच नियमावली ठरवली. १९६३ मध्ये इंग्लंडमधील ईस्टबोर्न येथे पहिली जागतिक स्पर्धा झाली आणि ती ऑस्ट्रेलियाने जिंकली. २०२३ च्या केपटाऊन विश्वचषकात इंग्लंडला ६१-४५ असे हरवून ऑस्ट्रेलियाने बारावे विजेतेपद मिळवले.

आजचे मैदान ३०.५ मीटर लांब आणि १५.२५ मीटर रुंद असते. त्याचे तीन सारखे भाग केलेले असतात. दोन्ही टोकांना ३.०५ मीटर उंचीचा खांब आणि त्यावर ३८ सेंटिमीटर व्यासाचे कडे. मागे बोर्ड नाही. खांबाभोवती ४.९ मीटर त्रिज्येचे अर्धवर्तुळ असते आणि गोल त्याच्या आतूनच करावा लागतो. सामना १५ मिनिटांच्या चार सत्रांचा, म्हणजे एकूण ६० मिनिटांचा.

चेंडूचा टप्पा न टाकता खेळ पुढे कसा सरकतो?

चेंडू हातात आला की ३ सेकंदांत तो पास करायचा किंवा कड्यात टाकायचा. चेंडू घेऊन धावता येत नाही. ज्या पायावर उतरलात तो पाय उचलला, तर चेंडू सुटेपर्यंत पुन्हा जमिनीला लावता येत नाही. बचाव करणाऱ्या खेळाडूला चेंडू हातात असलेल्या खेळाडूपासून ०.९ मीटर, म्हणजे तीन फूट दूर उभे राहावे लागते. मैदानाचा एक अख्खा भाग ओलांडून थेट पास देता येत नाही. प्रत्येक भागात चेंडूला कुणाचा तरी हात लागलाच पाहिजे.

संघात सात जणी असतात आणि प्रत्येकीची जागा ठरलेली असते. गोल शूटर, गोल अटॅक, विंग अटॅक, सेंटर, विंग डिफेन्स, गोल डिफेन्स आणि गोल कीपर. छातीवर त्या जागेची अक्षरे लावलेली असतात, म्हणजे पंचांना आणि प्रेक्षकांना कोण कुठे जाऊ शकते ते कळते. गोल फक्त दोघीच करू शकतात, गोल शूटर आणि गोल अटॅक. सेंटरला दोन्ही अर्धवर्तुळे सोडून सगळीकडे जाता येते, त्यामुळे सर्वाधिक धावपळ तिच्या वाट्याला येते. गोल शूटर आणि गोल कीपर मैदानाच्या आपापल्या टोकाच्या भागाबाहेर पाऊल टाकू शकत नाहीत.

कबड्डीत एक चांगली चढाईपटू एकटीच्या बळावर सामना फिरवू शकते. नेटबॉलमध्ये नियमच तसे होऊ देत नाहीत. चेंडू पुढे न्यायचा तर चार-पाच जणींना एकाच वेळी मोकळ्या जागा शोधाव्या लागतात. निवड चाचणीत प्रशिक्षक बहुतेक वेळा हेच पाहतात की चेंडू हातात नसताना मुलगी काय करते.

उंची नसेल तर काही उपयोग नाही का?

कड्याजवळच्या जागांसाठी उंची मोठी गोष्ट आहे, हे नाकारून चालणार नाही. श्रीलंकेची तर्जिनी शिवलिंगम २०८ सेंटिमीटर, म्हणजे सहा फूट दहा इंच उंच. जमैकाची जॅनील फाउलर १९८ सेंटिमीटर. दक्षिण आफ्रिका आणि न्यूझीलंड अशा दोन्ही देशांकडून खेळलेली आयरीन व्हॅन डाइक १९० सेंटिमीटर. या तिघीही गोल शूटर.

पण उंचीबरोबर अचूकताही लागते आणि ती का लागते हे साध्या गणितात दिसते. नेटबॉलच्या चेंडूचा परीघ साधारण ७० सेंटिमीटर असतो, म्हणजे व्यास जवळपास २२.३ सेंटिमीटर. कडे ३८ सेंटिमीटरचे. चेंडू सरळ वरून आला तर त्याला चहूबाजूंनी जेमतेम ८ सेंटिमीटर मोकळी जागा मिळते. चेंडू तिरका आला की त्याच्या नजरेतून कडे लंबगोल होत जाते आणि जमिनीशी होणारा कोन साधारण ३६ अंशांच्या खाली गेला की कड्याला न लागता तो आत जाऊच शकत नाही. बास्केटबॉलमध्ये हीच मर्यादा साधारण ३२ अंशांची आहे आणि तिथे मदतीला बोर्डही असतो. नेटबॉलमध्ये चुकलेला चेंडू परत आत ढकलणारे काहीच नाही. म्हणून या खेळातले शॉट इतके उंच कमानीचे दिसतात. उंच मुलीला चेंडू वरून सोडता येतो, हा तिचा फायदा. पण कमान हाताच्या सवयीने येते आणि सवय रोजच्या दोनशे-तीनशे फेकींनी.

सेंटर आणि दोन्ही विंगच्या जागांवर उंचीपेक्षा दम, दिशा बदलण्याचा वेग आणि पासची अचूकता महत्त्वाची. खो-खोत खांबाला वळसा घालणाऱ्या किंवा पश्चिम पट्ट्यातल्या वाड्या-वस्त्यांवरून शाळेपर्यंत चढ-उतार तुडवत येणाऱ्या मुलींकडे यातले बरेच काही आधीपासून असते. शिकायचे असते ते थांबणे. धावत्या वेगात चेंडू झेलून एका पायावर स्थिर उभे राहणे, हे या खेळातले पहिले आणि सगळ्यात अवघड कौशल्य.

आंतरराष्ट्रीय खेळाडूची कारकीर्द किती वर्षांची असते?

व्हॅन डाइक दक्षिण आफ्रिकेकडून ७२ आणि न्यूझीलंडकडून १४५ असे २१७ आंतरराष्ट्रीय सामने खेळली. २०१४ मध्ये निवृत्त झाली तेव्हा ती चाळिशी ओलांडून गेली होती. इंग्लंडची गोल कीपर जीव्हा मेंटर २००१ मध्ये, सोळाव्या वर्षी राष्ट्रीय संघात आली आणि २०२३ पर्यंत सहा विश्वचषक खेळली. २०१८ च्या गोल्ड कोस्ट राष्ट्रकुल स्पर्धेत इंग्लंडने ऑस्ट्रेलियाला अगदी अखेरच्या क्षणी ५२-५१ असे हरवून सुवर्णपदक घेतले, त्या संघातही ती होती. म्हणजे शरीर सांभाळले आणि देशात व्यवस्था असली, तर पंधरा-वीस वर्षांची कारकीर्द शक्य आहे.

आपल्या मुलींना जवळची वाटावी अशी दोन उदाहरणे मात्र वेगळीच आहेत. एक तर्जिनीचे. युद्धाने होरपळलेल्या जाफना भागातली ही तमिळ मुलगी शाळेत उंचीमुळे चेष्टेचा विषय होती. पुढे ती कोलंबोला आली, एका बँकेच्या संघातून खेळू लागली आणि सिंहली बहुसंख्य असलेल्या राष्ट्रीय संघाचा कणा बनली. २०१९ च्या लिव्हरपूल विश्वचषकात सर्वाधिक गोल तिच्या नावावर होते, तेही श्रीलंकेचा संघ तळाकडच्या संघांमध्ये असताना.

दुसरे उदाहरण म्वाई कुमवेंडाचे. मलावी या आफ्रिकेतल्या गरीब देशाच्या उत्तर भागातील खेड्यात ती अनवाणी नेटबॉल खेळत मोठी झाली. २०१७ पासून ती मेलबर्न व्हिक्सन्स या व्यावसायिक संघाकडून ऑस्ट्रेलियात खेळली आणि २०२० मध्ये त्या संघाच्या विजेतेपदात तिचा वाटा होता. तिच्या देशाकडे मोठी मैदाने किंवा मोठा पैसा नव्हता. मात्र मलावीत खेडोपाडी मुली नेटबॉल खेळतात आणि त्यातून वर येण्याची वाट आहे.

मुलींच्या कारकिर्दीतला आणखी एक प्रश्न या खेळाने न्यायालयापर्यंत नेला. २००१ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या नेटबॉल संघटनेने गर्भवती खेळाडूंना खेळण्यास बंदी घातली. ट्रुडी गार्डनर या खेळाडूने त्याविरुद्ध दाद मागितली आणि न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल दिला. लग्न, बाळंतपण म्हणजे खेळाचा शेवट, हे गृहीतक तिथे असे मोडत गेले. जमैकाची फाउलर मुलीच्या जन्मानंतरच व्यावसायिक लीगमध्ये आली आणि पुढे ऑस्ट्रेलियातल्या लीगची सर्वोत्तम खेळाडू अनेकदा ठरली.

यात पैसे मिळतात का?

जगातल्या मोजक्या देशांत मिळतात. ऑस्ट्रेलियातली सुपर नेटबॉल लीग आणि न्यूझीलंडची एएनझेड प्रीमियरशिप २०१७ मध्ये सुरू झाल्या. इंग्लंडची नेटबॉल सुपर लीग २००५ पासून आहे. महिलांच्या खेळात ऑस्ट्रेलियाची लीग जगातल्या चांगल्या मानधनाच्या लीगमध्ये धरली जाते. तरी तिथेही २०२३ च्या अखेरीस खेळाडूंचे करार संपले आणि नवा करार होईपर्यंत कित्येक आठवडे त्यांना वेतनाविना राहावे लागले. महसुलात वाटा मिळावा ही त्यांची मागणी होती आणि वर्षअखेरीस झालेल्या करारात ती बऱ्याच अंशी मान्य झाली.

श्रीलंकेचे प्रारूप आपल्याला जास्त जवळचे आहे. तिथे बँका आणि कंपन्या खेळाडूंना नोकरी देतात आणि आपापले संघ आंतरकंपनी स्पर्धेत उतरवतात. पगार नोकरीचा, खेळ कामाचा भाग. आपल्याकडे कबड्डी, बास्केटबॉलमध्ये रेल्वे, पोलीस, बँका यांच्या संघांनी अनेक खेळाडूंची घरे चालवली. नेटबॉलमध्ये असा आधार अजून फार तोकडा आहे. त्यामुळे भारतीय नेटबॉलपटूसाठी खेळाचे थेट उत्पन्न हा मुद्दा आज दुय्यम ठरतो. खरा मुद्दा आहे तो खेळातून मिळणाऱ्या नोकरीच्या संधीचा.

भारताचा नेटबॉल कुठे आहे?

भारतीय नेटबॉल महासंघ १९७८ पासून आहे. शालेय, आंतरविद्यापीठ आणि राष्ट्रीय पातळीवर स्पर्धा होतात. तरी हा खेळ लोकांच्या नजरेत आला तो २०१० मध्येच. दिल्लीच्या त्यागराज स्टेडियममध्ये नेटबॉलचे सामने झाले. अंतिम सामन्यात न्यूझीलंडने जादा वेळेत ऑस्ट्रेलियाला ६६-६४ असे हरवले. तो सामना या खेळाच्या इतिहासातल्या सर्वोत्तम सामन्यांत गणला जातो. भारतीय संघ यजमान म्हणून खेळला, मोठे पराभव पत्करले, पण पुढच्याच वर्षी दक्षिण आशियाई बीच क्रीडा स्पर्धेत प्राचीच्या नेतृत्वाखाली रौप्यपदक घेऊन आला.

प्राचीचा प्रवास बोलका आहे. ती मूळची बास्केटबॉलपटू. राष्ट्रीय पातळीवर बास्केटबॉल खेळल्यावर ती नेटबॉलकडे वळली आणि थोड्याच काळात कर्णधार झाली. मात्र काही वर्षांतच तिने दूरचित्रवाणी मालिका आणि चित्रपटांची वाट धरली. २०१९ मधल्या ‘मामंगम’ या मल्याळम चित्रपटात ती मम्मुटीबरोबर दिसली. व्हॅन डाइक किंवा मेंटर ज्या वयात आपल्या खेळाच्या शिखराकडे निघाल्या होत्या, त्या वयात भारताच्या कर्णधाराने दुसरे क्षेत्र निवडले. तिच्या पुढे लीग नव्हती आणि मोठी स्पर्धा पुन्हा कधी येणार हे ठरलेले नव्हते.

यामागचे कारण रचनेत आहे. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने १९९५ मध्ये नेटबॉलला मान्यता दिली, पण ऑलिम्पिकमध्ये हा खेळ कधीही खेळवला गेलेला नाही. आशियाई क्रीडा स्पर्धेतही त्याला पदकाचा खेळ म्हणून स्थान मिळालेले नाही. सरकारी निधी मुख्यतः या दोन स्पर्धांकडे पाहून वाटला जातो. त्यामुळे नेटबॉलसाठी राष्ट्रकुल स्पर्धा हीच सगळ्यात मोठी खिडकी उरते. १९९८ च्या क्वालालंपूर स्पर्धेपासून नेटबॉल तिथे आहे. २०३० मध्ये ती खिडकी पुन्हा आपल्या देशात उघडते आहे.

जुन्नर-आंबेगावातून हा रस्ता कसा जातो?

पहिली पायरी शाळेची. राज्याच्या शालेय क्रीडा स्पर्धांच्या यादीत नेटबॉल आहे. पुणे जिल्ह्यात पुणे महापालिका, पिंपरी-चिंचवड महापालिका आणि पुणे ग्रामीण असे वेगळे संघ निवडले जातात. जुन्नर आणि आंबेगाव पुणे ग्रामीणमध्ये येतात. याचा अर्थ, शहरातल्या मोठ्या शाळांच्या तयार संघांशी पहिल्याच फेरीत गाठ पडत नाही. कमी संघ असलेल्या खेळात ग्रामीण संघाला विभागापर्यंत पोहोचणे तुलनेने सोपे जाते. पुणे विभागात पुण्यासह अहिल्यानगर आणि सोलापूर येतात. विभागातून राज्य आणि राज्यातून राष्ट्रीय शालेय स्पर्धा.

दुसरी पायरी महाविद्यालयाची. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या क्रीडा रचनेत पुणे जिल्ह्याचा स्वतंत्र विभाग आहे. मंचर, नारायणगाव, जुन्नर, ओतूरची महाविद्यालये त्यातून खेळतात. आंतरमहाविद्यालयीन, मग आंतरविभागीय स्पर्धा आणि तिथून विद्यापीठाचा संघ. विद्यापीठाचा रंग मिळाला की आंतरविद्यापीठ स्पर्धेत देशभरातले प्रशिक्षक पाहतात.

तिसरी पायरी संघटनेची. जिल्हा संघटना, राज्य संघटना, कुमार आणि वरिष्ठ गटाच्या राष्ट्रीय स्पर्धा आणि त्यातून भारतीय संघाच्या सराव शिबिराचे बोलावणे. शाळेची वाट आणि संघटनेची वाट समांतर चालतात. ज्या मुली दोन्हीकडे खेळतात, त्यांचीच नावे निवड समितीसमोर वारंवार येतात.

तालुक्याच्या पश्चिम भागातल्या मुलींसाठी आणखी एक दार आहे. घोडेगावच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाखाली येणाऱ्या आश्रमशाळांच्या स्वतःच्या क्रीडा स्पर्धा असतात. महादेव कोळी आणि ठाकर समाजातल्या अनेक मुली तिथे धावण्यात, कबड्डीत पुढे असतात. मुली वसतिगृहात राहत असल्याने सकाळ-संध्याकाळ सरावाला एकत्र मिळतात, हा या शाळांचा मोठा फायदा. सांघिक खेळासाठी सात जणी रोज एकाच वेळी मैदानात असणे, हीच अर्धी लढाई असते.

मैदान उभारायला किती लागते?

बहुतेक मैदानी खेळांपेक्षा कमी. बोर्ड नसल्याने खांबावर भार नसतो. लोखंडी पाइप, वर ३८ सेंटिमीटरचे कडे, खाली जड बैठक, एवढेच. मंचर किंवा नारायणगावातला कोणताही फॅब्रिकेशनवाला हे मापाप्रमाणे करून देऊ शकतो. मैदानाच्या रेषा फक्कीने आखता येतात. चेंडू पाच नंबरचा, ४०० ते ४५० ग्रॅम वजनाचा. सात जणींसाठी चार-पाच चेंडू असले की सराव सुरू होतो. बास्केटबॉलचे मैदान असेल तर लांबी-रुंदी थोडी वाढवून तेही चालते.

यात्रेसाठी बैलगाडा घाट नीट करायचा म्हटला की या दोन्ही तालुक्यांतली गावे एका बैठकीत वर्गणी उभी करतात. दोन खांब आणि चार चेंडू हा त्या हिशेबात किरकोळ खर्च आहे. ग्रामसभेत कुणी तो विषय मांडला पाहिजे, एवढेच.

अवघड आहे ते प्रशिक्षकाचे. नियमांची नेमकी जाण नसेल, तर मुली बास्केटबॉलच्या सवयीने चेंडूचा टप्पा टाकतात, पाऊल घसरवतात आणि जिल्हा स्पर्धेत शिट्टीवर शिट्टी ऐकतात. क्रीडाशिक्षकाने पंचांच्या वर्गाला एकदा हजेरी लावली, तरी संघाचा खेळ बदलतो.

सरावाच्या आड काय येते?

पहिली गोष्ट अंधार. जुन्नर वनविभागात जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर हे तालुके येतात आणि उसाच्या पट्ट्यात बिबट्याचा वावर हा इथला रोजचा विषय आहे. पहाटे पाचला एकटीने धावायला जाणे किंवा संध्याकाळी सातनंतर मैदानातून वस्तीवर परतणे, हे इथल्या पालकांना मान्य होणार नाही आणि ते योग्यच आहे. म्हणून सरावाची वेळ शाळेच्या वेळेला जोडून हवी. शाळा सुटल्यावर लगेच दीड तास आणि दिवस मावळण्याआधी सगळ्या मुली घरी. हिवाळ्यात, म्हणजे स्पर्धांच्या ऐन हंगामात, दिवस लहान असतो. तेव्हा शाळेने शेवटचा तास खेळाला दिला, तरच गणित जमते.

दुसरी गोष्ट अंतर. मोठ्या सुविधा बालेवाडीला. २००८ मध्ये तिथे युवा राष्ट्रकुल स्पर्धा झाली, तेव्हा नऊ खेळांत नेटबॉल नव्हता, त्यामुळे या खेळाचा वारसा तिथेही तयार झाला नाही. मंचरहून पुणे साठेक किलोमीटर, जुन्नरहून नव्वदच्या पुढे आणि पुणे-नाशिक महामार्गावरची गर्दी वेगळी. रोज जाऊन येणे शक्य नाही. सराव गावातच व्हायला हवा आणि सुटीतली शिबिरे शहरात, हाच व्यवहार्य मार्ग.

तिसरी गोष्ट गुडघा. धावता धावता उडी, झेल आणि एका पायावर झटक्यात थांबणे, यामुळे नेटबॉलमध्ये गुडघ्याच्या मुख्य अस्थिबंधाला, म्हणजे एसीएलला इजा होण्याचा धोका मोठा असतो. स्त्रियांमध्ये तो पुरुषांपेक्षा जास्त असल्याचे क्रीडावैद्यकशास्त्र सांगते. ही इजा झाली की बहुधा शस्त्रक्रिया आणि नऊ महिने ते वर्षभराचा खंड. ऑस्ट्रेलियाच्या संघटनेने यासाठी खास सराव आराखडा तयार केला आणि तो शाळांपर्यंत नेला. त्याचा गाभा सोपा आहे. उतरताना गुडघा आत वळू द्यायचा नाही, गुडघे आणि कंबर वाकवून उतरायचे, मांडीच्या मागचे स्नायू बळकट करायचे आणि प्रत्येक सरावाआधी दहा मिनिटे हीच तयारी करायची. याला पैसा लागत नाही, शिस्त लागते.

नोकरी आणि गुणांचे काय?

इथे नेटबॉलची बाजू वाटते त्यापेक्षा भक्कम आहे. केंद्र सरकारने सप्टेंबर २०२० मध्ये खेळाडूंच्या भरतीसाठी पात्र खेळांची यादी ४३ वरून ६३ वर नेली. नव्याने आलेल्या २० खेळांत नेटबॉल होता. म्हणजे केंद्रीय कार्यालयांतील गट ‘क’ पदांच्या क्रीडा भरतीत नेटबॉलपटूला दार उघडले.

राज्यात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के समांतर आरक्षण आहे. त्याच्या अटी १ जुलै २०१६ च्या शासन निर्णयात आणि नंतरच्या सुधारणांत दिलेल्या आहेत. पद जितके वरचे, तितकी कामगिरीची पातळी वरची. नुसता सहभाग पुरत नाही, मान्यताप्राप्त स्पर्धेतले प्रावीण्य लागते. दहावी-बारावीत स्पर्धेच्या पातळीनुसार २५ पर्यंत वाढीव गुण मिळण्याची तरतूद आहे.

मात्र खोट्या क्रीडा प्रमाणपत्रांच्या प्रकरणांनंतर राज्यात पडताळणी कडक झाली आहे. प्रमाणपत्र विभागीय क्रीडा उपसंचालकांच्या कार्यालयातून तपासून घ्यावे लागते. नोकरीची जाहिरात आल्यावर धावपळ सुरू केली, तर मुदत हातची जाते. कमी प्रसिद्ध खेळांत हा धोका अधिक. वर्षानुवर्षे घाम गाळून मिळवलेले पदक केवळ स्पर्धा मान्यताप्राप्त नव्हती म्हणून कागदावर शून्य ठरू शकते.

पालकांनी आधी काय तपासावे?

- स्पर्धा कोण घेते आहे? जिल्हा संघटना राज्य संघटनेशी आणि राज्य संघटना मान्यताप्राप्त राष्ट्रीय महासंघाशी संलग्न आहे का, हे जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात विचारावे. २०२५ च्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्यामुळे क्रीडा संघटनांच्या मान्यतेची चौकट बदलते आहे, त्यामुळे ही चौकशी दर हंगामात करावी.
- प्रवेश शुल्क किती आणि कशासाठी? ‘आंतरराष्ट्रीय’ नावाच्या स्पर्धेसाठी पैसे भरा आणि परदेशी चला, असे सांगणाऱ्यांपासून सावध राहावे. राष्ट्रीय संघाची निवड चाचणी आणि शिबिरातून होते.
- प्रमाणपत्रावर नाव, जन्मतारीख, गट, स्पर्धेची तारीख आणि ठिकाण बरोबर आहे का? एका अक्षराची चूक पडताळणीत अडकते.
- संघ बाहेरगावी जातो तेव्हा बरोबर महिला शिक्षिका किंवा व्यवस्थापिका आहे का? मुक्कामाची सोय काय?
- दुखापत झाली तर उपचाराचा खर्च कोण उचलणार? शाळेचा किंवा संघटनेचा विमा आहे का?
- दहावी-बारावीच्या वर्षात सरावाचे वेळापत्रक काय? खेळ थांबवण्याची गरज नसते, तास कमी करून सातत्य ठेवता येते.

मग नेटबॉल निवडावा का?

फक्त पैशासाठी असेल तर उत्तर आज तरी ‘नाही’ असेच आहे. भारतात नेटबॉलपटूला लीगचा करार किंवा कबड्डीसारखी प्रसिद्धी मिळत नाही. पण कबड्डीत जिथे हजारो मुली एका जागेसाठी झुंजतात, तिथे नेटबॉलमध्ये स्पर्धा विरळ आहे, वर जाण्याच्या पायऱ्या स्पष्ट आहेत आणि मायदेशातली राष्ट्रकुल स्पर्धा समोर आहे. नेटबॉल शिकलेली मुलगी बास्केटबॉल किंवा हँडबॉलकडे सहज वळू शकते आणि उलटही होते. प्राची तेहलान बास्केटबॉलमधूनच आली होती.

२०२६ ची राष्ट्रकुल स्पर्धा ग्लासगोला, २०२७ चा विश्वचषक सिडनीला आणि २०३० मध्ये अहमदाबाद. २०१० मध्ये संधी आली तेव्हा भारताकडे तयार खेळाडूंची फळी नव्हती आणि स्पर्धा संपल्यावर जमलेला संघही टिकला नाही. या वेळी हाताशी काही वर्षे आहेत. शिवनेरीच्या पायथ्याची किंवा डिंभ्याच्या पाण्याकाठची एखादी मुलगी त्या संघात असेल की नाही, हे येत्या एक-दोन हंगामांतच ठरेल. तिच्या शाळेच्या मैदानात ३.०५ मीटर उंचीचे दोन खांब कधी रोवले जातात, यावर ते अवलंबून आहे.